आंत्रपुच्छ निरुपयोगी कसे ठरले

पोटात उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, मोठे आतडे जिथून सुरू होते तिथे एक पिशवी असते. तिला अंधांत्र म्हणतात. या पिशवीला करंगळीहून बारीक, साधारण आठ-दहा सेंटिमीटर लांबीची एक नळी लोंबत असते. तिचे एक तोंड आतड्यात उघडते, दुसरे बंद असते. हे आंत्रपुच्छ, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले अपेंडिक्स. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी त्याच्याबद्दल दोनच गोष्टी शिकत आले: तो उत्क्रांतीच्या ओघात उरलेला अवशेष आहे, आणि त्याचा शरीराला काही उपयोग नाही. हे मत इतके रुळले की ते कुठून आले हे विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही. इतिहास चाळला तर असे दिसते की आंत्रपुच्छ निरुपयोगी आहे हे दाखवणारा पुरावा मुद्दाम कुणी गोळा केलाच नव्हता. 1871 ते 1902 या तीसेक वर्षांत एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या आणि त्यांच्या संगमातून हा निकाल लागला. एक होती डार्विनची मांडणी, दुसरी शस्त्रक्रियेचे यश. सुजलेले आंत्रपुच्छ कापून काढायचे हा निर्णय योग्यच होता. त्याने असंख्य जीव वाचवले. मात्र ‘काढले तरी माणूस जगतो, म्हणजे ते काही कामाचे नव्हते’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरून नव्हता. हा निर्णय आणि हा निष्कर्ष वेगळे करायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

1871 च्या आधीच्या काळात आंत्रपुच्छाबद्दल असे मत नव्हतेच. दुसऱ्या शतकातील गॅलेनच्या शरीररचनेवर युरोपने तेराशे वर्षे विश्वास ठेवला, पण गॅलेनने विच्छेदन केले ते बार्बरी माकडांचे, आणि त्या माकडांना आंत्रपुच्छ नसते. त्यामुळे त्याच्या ग्रंथांत ते आले नाही. लिओनार्दो दा विंचीने माणसाच्या देहात ते पाहून त्याचे चित्र काढले, पण ती चित्रे त्याच्या वह्यांत पडून राहिली. छापील ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, बेरेंगारिओ दा कार्पीच्या लेखनात, आणि 1543 साली व्हेसेलियसच्या प्रसिद्ध ग्रंथात ते चित्रासह येते. ते कशासाठी आहे, याचे उत्तर यांपैकी कुणीच दिले नाही. ज्याला पहिले नोंदलेले आंत्रपुच्छ-उच्छेदन म्हणतात, तेही आंत्रपुच्छासाठी केलेले नव्हते. 1735 च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस एमियँड या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला. त्या मुलाला मांडीजवळ सतत वाहणारी जखम होती. आत पाहिले तर आतड्यासोबत आंत्रपुच्छही हर्नियात उतरलेले, आणि मुलाने कधीतरी गिळलेली टाचणी त्याला भोक पाडून बसलेली. भुलीचे औषध अजून शंभर वर्षे दूर होते. मुलाने जवळजवळ अर्धा तास ते सहन केले. एमियँडने आंत्रपुच्छ बांधून कापले, आणि मुलगा बरा झाला. दुसऱ्या वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हकिगत छापून आली, आणि पुढे दीडशे वर्षे तिच्यावरून कुणी काही बोध घेतला नाही.

1871 साली डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ आला. माणसाच्या देहात पूर्वजांच्या खुणा दाखवताना त्याने कानाचे स्नायू, माकडहाड, अंगावरचे केस यांच्या जोडीला आंत्रपुच्छही मांडले. त्याचा युक्तिवाद असा: पाला खाणाऱ्या प्राण्यांत अंधांत्र प्रचंड लांब असते. कोआलात तर ते देहाच्या तिपटीहून लांब भरते. माणसाच्या पूर्वजांचा आहार बदलला, अंधांत्र आखडले, आणि त्याचा आखडलेला शेवट म्हणजे आंत्रपुच्छ. त्याच्या मते ते निरुपयोगी तर आहेच, शिवाय कधीकधी मृत्यूलाही कारण होते, आणि तशा दोन घटना नुकत्याच त्याच्या कानावर आल्या होत्या. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अवशिष्ट अवयव मूळच्या कामाला निकामी झाला तरी दुसऱ्या कामासाठी टिकू शकतो, हे डार्विनने स्वतःच आपल्या आधीच्या ग्रंथात लिहिले होते. पण आंत्रपुच्छाचे दुसरे काम काय असावे, हे तपासण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. त्याच्या अनुयायांनी तर हा प्रश्नच सोडून दिला. 1893 साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हीडरशाइम यांनी माणसातील अवशिष्ट अवयवांची यादी केली. तिच्यात 86 नावे होती, आणि आंत्रपुच्छ त्यांत होते. त्याच यादीत थायमस आणि पिच्युटरी यांसारख्या ग्रंथीही होत्या. त्यांची कामे पुढे कळली आणि त्या यादीतून बाहेर पडल्या. आंत्रपुच्छ मात्र तिथेच राहिले.

ते तिथे का राहिले, याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात पोटाच्या उजव्या बाजूला दुखणे, ताप, उलट्या आणि मग पोट दगडासारखे ताठ होऊन मृत्यू, हा प्रकार डॉक्टरांना परिचित होता. 1827 साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा मेलिए याने शवविच्छेदनांच्या आधारे दोष आंत्रपुच्छाचा असल्याचे सांगितले, पण ग्योम द्युप्युत्रँ हा त्या काळातला सर्वांत वजनदार फ्रेंच शल्यविशारद त्याच्याशी सहमत नव्हता. रोग अंधांत्रात किंवा त्याच्याभोवतीच्या ऊतींत आहे, असे तो मानत असे. त्याच्या शब्दापुढे मेलिएचा शब्द चालला नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे डॉक्टर या आजाराला अंधांत्राभोवतीची सूज म्हणत राहिले, अफू देत राहिले आणि गळू होऊन ते बाहेरच्या बाजूला येण्याची वाट पाहत राहिले. गळू बाहेर आले तर रोगी वाचायचा, आत फुटले तर जायचा.

1886 च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेतील वैद्यांच्या नव्या संघटनेची पहिली बैठक भरली. तिथे हार्वर्डचे रोगशास्त्राचे प्राध्यापक रेजिनल्ड फिट्झ यांनी एक निबंध वाचला. फिट्झ बर्लिनमध्ये रुडॉल्फ व्हिर्कोच्या हाताखाली शिकले होते, आणि मृतदेह उघडून पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही ही शिस्त त्यांनी तिथून आणली होती. आंत्रपुच्छाला भोक पडल्याची 257 प्रकरणे त्यांनी एका बाजूला मांडली, आणि अंधांत्राची किंवा त्याभोवतीची सूज म्हणून नोंदलेली 209 प्रकरणे दुसऱ्या बाजूला. दोन्हींची लक्षणे एकसारखी होती. म्हणजे रोग एकच, आणि त्याचे मूळ जवळपास नेहमी आंत्रपुच्छात. त्यांनी त्याला अपेंडिसायटिस हे नाव दिले. तीव्र वेदना सुरू झाल्यापासून चोवीस तासांनंतर पोटातली सूज पसरताना दिसली, तर ताबडतोब शस्त्रक्रियेचा विचार करावा, असेही त्यांनी सांगितले. हा निबंध वाचताना आजही जाणवतो तो त्यातला संयम. फिट्झनी उपयोग-निरुपयोगाचा विषय काढलाच नाही. हा अवयव मारू शकतो आणि वेळ थोडा असतो, एवढेच त्यांनी दाखवले.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. इथर 1846 पासून होते, जंतुनाशक शस्त्रक्रियेची लिस्टरची पद्धत 1867 पासून होती, आणि आता रोगाचा ठिकाणा मिळाला होता. 1887 साली फिलाडेल्फियाचे थॉमस मॉर्टन यांनी निदान करून, ठरवून, आंत्रपुच्छ काढले आणि रोगी वाचला. त्यांचा भाऊ आणि त्यांचा मुलगा दोघेही याच आजाराने गेले होते. 1889 साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी वेदनेचे नेमके ठिकाण सांगितले: बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. पोटावर तिथे बोट दाबून पाहणे ही आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याची पहिली तपासणी असते. 1894 साली त्यांनी स्नायू न कापता त्यांचे धागे बाजूला सारून आत जाण्याची पद्धत मांडली, तेव्हा शस्त्रक्रियेची भीती आणखी कमी झाली. शेवटचा धक्का लोकांना बसला तो 1902 साली. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जूनला होता, परदेशी राजघराण्यांतले पाहुणे लंडनला येऊन पोचले होते, आणि 24 जूनला बकिंगहॅम राजवाड्यात फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजाच्या पोटातले गळू उघडून पू काढला. आंत्रपुच्छ त्यांनी काढले नाही, गळूचा निचरा केला. राजा वाचला, ऑगस्टमध्ये अभिषेक झाला, आणि आजाराचे नाव साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. दोनच वर्षांपूर्वी ट्रीव्ह्ज यांची स्वतःची मुलगी याच आजाराने गेली होती, हे त्या दिवसाच्या वर्णनात क्वचितच सांगितले जाते.

महाराष्ट्राच्या इतिहासातही ही शस्त्रक्रिया एका नेमक्या रात्रीशी बांधलेली आहे. 1922 पासून महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. 1924 च्या जानेवारीत त्यांच्या पोटात असह्य दुखू लागले, ताप चढला, आणि 12 जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. शल्यविशारद कर्नल मॅडॉक यांचे निदान होते अपेंडिसायटिस, आणि थांबायला वेळ नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांना बोलावण्याचा विचार झाला, पण ते वेळेत पोचणे शक्य नव्हते. कैदेत असलेल्या गांधींवर एक इंग्रज डॉक्टर चाकू चालवणार, आणि काही विपरीत घडले तर देशात काय होईल, याची जाणीव त्या खोलीत सगळ्यांनाच होती. म्हणून भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावले गेले. आपल्या संमतीने शस्त्रक्रिया होत आहे आणि डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, असे निवेदन तयार झाले. ते वाचून झाल्यावर गांधींनी थरथरत्या हाताने सही केली. 1909 साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कडाडून टीका करणारा हा माणूस त्या रात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर शांतपणे झोपला. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळी हवेने वीज गेली. मग बॅटरीचा प्रकाश वापरला, तोही विझला, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. 5 फेब्रुवारीला सरकारने गांधींना बिनशर्त मुक्त केले. शस्त्रक्रियेची ती खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे.

या प्रसंगात काय सिद्ध झाले याचा नीट विचार केला, तर माझा मुद्दा स्पष्ट होतो. 1924 पर्यंत पुण्यासारख्या शहरात, वीज नसतानाही, ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ शकत होती. हे शस्त्रक्रियेचे कर्तृत्व आहे. गांधी नंतर चोवीस वर्षे जगले, म्हणून आंत्रपुच्छाचे काम काहीच नव्हते, असे यातून निघत नाही. प्लीहा काढलेला माणूसही वर्षानुवर्षे जगतो, एका मूत्रपिंडावरही माणूस जगतो, पण म्हणून त्या अवयवांना कुणी निरुपयोगी म्हणत नाही. आंत्रपुच्छाच्या बाबतीत मात्र हीच उडी मारली गेली, कारण डार्विनच्या मांडणीने तिला आधीच आधार दिला होता. एका विचाराने कारण पुरवले, दुसऱ्याने सोय पुरवली, आणि दोन्ही एकमेकांचा पुरावा बनले.

सोयीची मग सवय झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेच्निकॉफ मोठ्या आतड्यालाच शरीरातील विषाचे घर मानत होते. लंडनचे अर्बथनॉट लेन बद्धकोष्ठतेवर उपाय म्हणून माणसांचे मोठे आतडे काढून टाकत होते. या हवेत आंत्रपुच्छाची काय कथा? गर्भाशय किंवा पित्ताशय काढायला पोट उघडले की ‘जाता जाता’ निरोगी आंत्रपुच्छही काढून टाकणे, हा अनेक देशांत रिवाज झाला. 1990 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास या रिवाजाचे माप देतो. आयुष्यात कधीतरी अपेंडिसायटिस होण्याची शक्यता पुरुषांत 8.6 टक्के आणि स्त्रियांत 6.7 टक्के होती. आंत्रपुच्छ काढले जाण्याची शक्यता मात्र पुरुषांत 12 टक्के, आणि स्त्रियांत 23.1 टक्के. आजार स्त्रियांना कमी, शस्त्रक्रिया जवळजवळ दुप्पट. अपेंडिसायटिसचे एक प्रकरण टाळण्यासाठी अशा 36 ‘जाता जाता’ शस्त्रक्रिया कराव्या लागत होत्या, असा त्या अभ्यासाचा हिशेब आहे. या अवयवाचा काही उपयोग असेल अशी शंका जरी असती, तरी हा हिशेब कुणी मान्य केला नसता. माझ्या मते निरुपयोगीपणाच्या समजाची खरी किंमत या आकड्यांत आहे, आणि ती मुख्यतः स्त्रियांनी मोजली.

याला एक सबळ आक्षेप आहे. काही ठिकाणी निरोगी आंत्रपुच्छ आधीच काढणे शहाणपणाचे असते. 1961 च्या एप्रिल अखेरीस अंटार्क्टिकातील नोव्होलाझारेव्हस्काया या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह हा सत्तावीस वर्षांचा एकटाच डॉक्टर होता, आणि अपेंडिसायटिस झाला तो त्यालाच. बाहेर हिमवादळ होते, विमान येणे अशक्य. त्याने नोव्होकेन टोचून स्वतःचे पोट स्वतःच उघडले. एकाने आरसा धरला, दुसऱ्याने जखम ताणून धरली. आरशातले उलटे चित्र गोंधळात टाकू लागले, म्हणून त्याने हातमोजे न घालता बहुतांश काम बोटांच्या स्पर्शावरच केले. भोवळ येऊ लागली की थांबायचा, मग पुन्हा सुरू. सुमारे पावणेदोन तासांत काम झाले, आणि दोन आठवड्यांत तो कामावर परतला. आज भारताचे मैत्री हे केंद्र त्याच तळाच्या शेजारी आहे. ऑस्ट्रेलियाने तर अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या आपल्या डॉक्टरांना आंत्रपुच्छ आधीच काढून घेण्याची अट घातली. ही अट मला पूर्ण समर्थनीय वाटते. पण तिचा आधार धोक्याचे गणित आहे. तिथे मदत पोचू शकत नाही, म्हणून ती घातली जाते. अवयव निकामी आहे म्हणून नव्हे.

मग त्याचे काम आहे तरी काय? पहिला धागा जुनाच आहे. 1900 साली रिचर्ड बेरी यांनी दाखवले की आंत्रपुच्छाची भिंत लसीका ऊतींनी भरलेली असते. त्याच ऊती टॉन्सिलमध्येही असतात, आणि रोगप्रतिकाराच्या पेशी तिथे घडतात, जंतूंशी ओळख करून घेतात. हे निरीक्षण कुणी खोडून काढले नाही, त्याकडे दुर्लक्ष मात्र झाले. दुसरा धागा तुलनात्मक प्राणिशास्त्राचा. आहार बदलून अंधांत्र आखडल्याने आंत्रपुच्छ बनले असेल, तर मोठे अंधांत्र असलेल्या प्राण्याला ते असू नये. सशाला मात्र मोठे अंधांत्रही असते आणि आंत्रपुच्छही. 2017 साली हेदर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 533 सस्तन प्राण्यांच्या जातींची माहिती वंशवृक्षावर मांडली. त्यांना दिसले की आंत्रपुच्छ उत्क्रांतीत किमान 29 वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले, आणि नाहीसे झाले ते फार तर 12 वेळा. निरुपयोगी वस्तू वेगवेगळ्या वंशांत पुनःपुन्हा उभी राहत नाही. तिसरा धागा 2007 साली ड्यूक विद्यापीठाच्या रँडल बॉलिंजर, विल्यम पार्कर आणि सहकाऱ्यांनी पुढे आणला. आतड्यात उपयोगी जिवाणूंचे थर असतात. जोराचे जुलाब झाले की ते धुऊन निघतात. आंत्रपुच्छ बारीक, एका टोकाला बंद आणि मुख्य प्रवाहापासून बाजूला असल्याने त्यातले जिवाणू शिल्लक राहतात आणि आतडे पुन्हा वसवतात. गावचा पूर ओसरल्यावर पेरणीसाठी कणगीत राखून ठेवलेले बियाणे, तसे काहीसे.

ही मांडणी समजून घ्यायला आपल्या भागाचा इतिहास उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी यात्रांबरोबर पटकी गावोगाव पसरत असे, आणि त्यात हजारो माणसे दगावत. नळाचे निर्जंतुक पाणी आणि सलाईन यांच्या आधी माणसाने हजारो वर्षे अशाच जुलाबांच्या साथींत काढली. आंत्रपुच्छाशिवाय काही बिघडत नाही, हा निष्कर्ष ज्यांच्यावरून काढला ती माणसे बहुतेक करून शहरातली, शुद्ध पाणी पिणारी आणि पुढच्या काळात अँटिबायोटिक्सही हाताशी असलेली होती. ज्या परिस्थितीत या अवयवाची कसोटी लागते, ती परिस्थिती त्यांच्यावर कधी आलीच नाही.

विरोधी बाजूचेही ऐकले पाहिजे. बियाण्याच्या कणगीची कल्पना अजून अप्रत्यक्ष पुराव्यावर उभी आहे. 2011 साली न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयाच्या अभ्यासात आंत्रपुच्छ असलेल्या रुग्णांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे जुलाब पुन्हा होण्याचे प्रमाण कमी दिसले, पण नंतरच्या काही अभ्यासांत ते टिकले नाही. उलट दिशेचा पुरावाही आहे. 2001 साली स्वीडनमधील मोठ्या अभ्यासाने दाखवले की वयाच्या विसाव्या वर्षाआधी अपेंडिसायटिससाठी आंत्रपुच्छ काढलेल्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याचा दीर्घ आजार कमी होतो. हा पुरावा मी गंभीरपणे घेतो. पण तो निरुपयोगीपणाचे समर्थन करत नाही. जो अवयव दूरच्या आजाराची वाट बदलू शकतो, तो शरीरात काहीतरी करत असतोच. ते काही परिस्थितीत हितकारक, काही परिस्थितीत घातक, एवढाच त्याचा अर्थ.

अलीकडे दवाखान्यातल्या निर्णयालाही या विचाराचा स्पर्श झाला. फिनलंडमध्ये गुंतागुंत नसलेल्या अपेंडिसायटिसच्या 530 रुग्णांपैकी अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि अर्ध्यांना फक्त अँटिबायोटिक्स देण्यात आली. 2015 साली निष्कर्ष आले: औषधे घेतलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली, आणि पाच वर्षांनी हे प्रमाण 39 टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणजे साठ टक्के माणसांचे आंत्रपुच्छ पोटातच राहिले. 2020 साली अमेरिकेतील 1,552 रुग्णांच्या चाचणीत एक महत्त्वाचा भेद दिसला. नळीत खडा अडकला असेल तर औषधांवर विसंबलेल्यांपैकी 41 टक्क्यांना तीन महिन्यांत शस्त्रक्रिया लागली, खडा नसेल तर 25 टक्क्यांना. फुटलेल्या आंत्रपुच्छाला आजही विलंब चालत नाही, आणि शस्त्रक्रिया हा बहुतेक रुग्णांसाठी खात्रीचा उपाय आहे. फरक एवढाच की आता डॉक्टर रुग्णासमोर दोन्ही बाजू ठेवतात, आणि ‘काढले तरी काय बिघडते’ हे वाक्य पुरेसे कारण मानत नाहीत.

बालशल्यचिकित्सेत तर हा बदल आधीच झाला होता. 1980 साली फ्रान्समधील पॉल मित्रोफानॉफ यांनी मज्जारज्जूच्या जन्मजात दोषामुळे लघवी करू न शकणाऱ्या मुलांसाठी एक शस्त्रक्रिया मांडली. आंत्रपुच्छ रक्तवाहिनीसकट अंधांत्रापासून सोडवायचे, एक टोक मूत्राशयात शिवायचे आणि दुसरे पोटाच्या त्वचेवर, बहुतेकदा बेंबीत, उघडायचे. मुलगा किंवा मुलगी त्यातून बारीक कॅथेटर घालून स्वतःच मूत्राशय रिकामे करते, शाळेत जाते, लांबचा प्रवास करते. शरीरात दुसरी कुठलीही नळी या कामाला इतकी जुळत नाही. म्हणून अशा मुलांचे पोट दुसऱ्या कारणाने उघडले, तर भारतातल्या बालशल्यचिकित्सा विभागांतही सर्जन निरोगी आंत्रपुच्छाला हात लावत नाहीत. पुढे दोन-चार वर्षांनी ते लागण्याची शक्यता असते.